नियमाचा ताळा

गणित सोडविल्यावर ताळा करून पाहावा, असे आम्ही शाळेत मुलांना नित्य सांगतो. दुकान, पतपेढी वा धर्मादाय संस्था ज्या नियमांवर चालते, त्यांचाही ताळा ते अमलात येण्यापूर्वीच घ्यावयास हवा. बेरीज चुकली तर खोडून पुन्हा मांडता येते. नियम चुकला तर त्याचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा. पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून जवळचा पूर्ण पैसा धरावा, आणि बरोबर अर्धा उरल्यास खालचा धरावा, असा नियम झाला. त्याप्रमाणे एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नये पैसे झाले. आता ताळा घ्या. चार आणे एकदम दिले तर २५. तेच एकेक आणा करून चार वेळा दिले तर २४. आण्याची वस्तू सोळा वेळा विकणाऱ्याच्या हाती ९६ नये पैसेच येत. उलट तीन आण्यांच्या वस्तूला गिऱ्हाइकास पाव पैसा जास्त पडे. नियम वाईट होता असे नव्हे. पण कोणाच्या पदरी काय पडते, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

आता आपल्यासारख्या संस्थेकडे वळू. समजा, शिष्यवृत्तीचा नियम असा केला: वार्षिक उत्पन्न २,००,००० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण फी, त्यापुढे निम्मी. फी १२,००० रुपये धरू. बरोबर दोन लाख मिळविणाऱ्या घराला १२,००० मिळतील. २,०१,००० मिळविणाऱ्या शेजाऱ्याला ६,०००. कमाई हजाराने अधिक, पण एकूण हाती पाच हजार कमी! पुढे त्याने हजार रुपये लपविले तर आपण माणसाला दोष देऊ. पण मोह नियमानेच घातलेला असेल.

ताळ्याची रीत सोपी आहे. मागील दोन-तीन वर्षांचे अर्ज नावे झाकून काढावेत. प्रत्येकास काय मिळणे न्याय्य, हे आधी लिहून ठेवावे आणि मगच नियम लावावा. नाहीतर नियमाने दिलेले उत्तरच बरोबर वाटू लागते. नंतर मर्यादेवरचा, तिच्या एक रुपया अलीकडचा व एक रुपया पलीकडचा, असे तीन अर्ज मुद्दाम रचावेत. चौथा अशा मुलीचा, जिचे वडील हयात नाहीत आणि उत्पन्नाचा दाखलाही नाही. तिच्याविषयी नियम काही बोलतो का? हे काम मसुदा लिहिणाऱ्याने करू नये. तो मनातला अर्थ वाचतो. दुसरा कागदावरचा वाचतो.

वरील नियमात मर्यादेपुढील दर हजारामागे ५०० रुपये कमी करावे, आणि रक्कम निम्म्या फीवर आली की थांबावे, असे ठरविले तर त्या शेजाऱ्याला ११,५०० मिळतील. अन्याय दूर झाला असे वाटेल. तरीही सारे अर्ज या नव्या नियमाला पहिल्यापासून पुन्हा लावून पाहावेत, आणि मगच तो फलकावर चढवावा.