कर्दळ दिसते, तिचा साथीदार दिसत नाही

घरामागे मोरीचं पाणी जिरतं तिथे कर्दळ लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. केळीसारखी रुंद पानं, लाल-पिवळी फुलं आणि कायम टवटवीत. सांडपाणी कर्दळच स्वच्छ करते, असं तुम्हालाही वाटत असेल. पण या कामात तिचा एक साथीदार आहे. तो म्हणजे 'नायट्रोसोमोनस' नावाचा जीवाणू.

कर्दळ माणसाएवढी उंच होते. हा जीवाणू जेमतेम एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! तरीही दोघांत एक साम्य आहे. दोघंही कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अन्न तयार करतात. त्यासाठी लागणारं 'रुबिस्को' हे विकर, म्हणजे एन्झाइम, दोघांकडे असतं.

फरक आहे तो ऊर्जेचा. कर्दळीला ऊन लागतं. नायट्रोसोमोनस मात्र अंधारात, अमोनियापासून ऊर्जा मिळवतो. प्रकाशाशिवायही असं अन्न बनवता येतं, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं.

सांडपाण्यातला अमोनिया माशांसाठी विषारी असतो. नायट्रोसोमोनस त्याचं नायट्राइट करतो, दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते कर्दळीच्या मुळांना खत म्हणून मिळतं. या कामासाठी जीवाणूंना ऑक्सिजन हवा असतो. कर्दळ पानांकडून मुळांपर्यंत हवा पोहोचवते, त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांभोवती झिरपतो. शिवाय मुळांवर जीवाणूंना राहायला जागाही मिळते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेचं 'फायटोरिड' हे सांडपाणी शुद्ध करण्याचं तंत्रज्ञानही वनस्पती आणि जीवाणूंच्या अशाच जोडीवर चालतं.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट. पोषक वातावरणात ई. कोलाय जीवाणू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रोसोमोनसला मात्र कित्येक तास लागतात, कधी पूर्ण दिवसही. म्हणून अ‍ॅसिड, ब्लीच किंवा फिनाइलचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडू नका. झाड कदाचित तग धरेल, फुलंही येतील, पण मुळाशी काम करणारे जीवाणू मरतील आणि त्यांची संख्या पुन्हा वाढायला बराच वेळ लागेल. पाणीही साचू देऊ नका, नाहीतर डास होतील.

कर्दळीची निगा राखायची, तर मुळाशी राहणाऱ्या या साथीदाराचीही काळजी घ्यायला हवी.