सुगंधी तेलं, कापूर आणि घरातलं लेकरू

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, अरोमाथेरपी हे पुण्या-मुंबईचं खूळ, वर्ध्यात त्याचं काय काम? मग मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बाळाच्या झबल्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधलेली आहे? सर्दी झाली की रुमालावर निलगिरी तेलाचे थेंब कोण टाकतं? बघा, निम्मे हात वर आलेच. म्हणजे आपण हे करतोच, फक्त त्याला ते नाव देत नाही.

नाव फ्रेंच आहे. रने-मोरिस गातफोसे नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते रूढ केलं, 1937 साली त्या नावाचं पुस्तकच काढलं. गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी, 1936 मध्ये, गांधीजी इथे शेगावला राहायला आले होते. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. माती, पाणी, आहार यांच्या उपचारांचे प्रयोग त्यांनी केले, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात ‘नैसर्गिक’ या शब्दाला एक वजन आहे. दुकानातल्या बाटलीवर हाच शब्द छापलेला असतो आणि आपण निर्धास्त होतो. मी फार्मसी शिकवते, त्यामुळे माझा आक्षेप इथेच सुरू होतो. निसर्गातून आलेली वस्तू आणि तिचा काढलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गवती चहाचं उदाहरण घेऊ. तो तर प्रत्येकाच्या परसात आहे. शंभर किलो हिरव्या पातीचं ऊर्ध्वपातन केलं, म्हणजे भट्टीवर वाफ सोडून तेल उतरवलं, तर साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघतं. आपण एका कपात दोन-तीन ग्रॅम पात टाकतो. ढोबळ हिशेब केला तर तेलाच्या एका थेंबात चार-पाच कपांची पात बसते. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब, आणि चहाचा लहान चमचा पाच मिलिलिटरचा. आता तुम्हीच गुणाकार करा. चमचाभर तेल म्हणजे चार-पाचशे कप! पात तीच, झाडही तेच, पण पोटात जाणारी गोष्ट वेगळी झाली.

सुगंधी तेल काढणं आपल्या भागाला नवं नाही. रोशा गवताचं तेल पूर्वी खानदेश, वऱ्हाड, नेमाडच्या जंगलांतल्या भट्ट्यांवर निघायचं आणि मुंबईमार्गे थेट तुर्कस्तानापर्यंत जायचं. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरत. म्हणजे भेसळीचा इतिहासही जुनाच! पण ते विकायला निघायचं, बाळाला लावायला नाही.

आता कापराकडे येते, कारण आजच्या बोलण्यात माझी सर्वांत मोठी काळजी कापराचीच आहे. देवघरातली कापराची वडी पांढरी, चकचकीत, गोड वाटावी अशी. दोन वर्षांच्या पोराला ती आणि खडीसाखर यांत काय फरक कळणार? शिवाय डबी खालच्या फळीवर, झाकण सैल. साधारण एक ग्रॅम कापूर पोटात गेल्याने लहान मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कापूर मेंदूवर काम करतो, झटके आणतो, आणि तेही भराभर: पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत. अमेरिकेत कापराचं वीस टक्क्यांचं तेल मिळायचं. त्याच्या एका चमच्यात एक ग्रॅम कापूर. दुसरं औषध समजून लोक ते मुलांना पाजत. शेवटी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने ते बाजारातून काढलं आणि अंगाला लावायच्या औषधांत कापराची मर्यादा अकरा टक्के ठेवली. आपल्याकडे पूजेचा कापूर औषध म्हणून विकलाच जात नाही, त्यामुळे पुडीवर इशारा असेलच असं नाही.

निलगिरी तेलाचंही तसंच. पाच मिलिलिटरच्या आसपास पोटात गेलं तर मूल बेशुद्ध होऊ शकतं. बाटली खोकल्याच्या औषधासारखीच दिसते, रात्री लाईट गेलेली असते, आजी चष्म्याशिवाय उठते... पुढचं सांगायला नको. बरं, पोटातच जायला हवं असंही नाही. बेंगळुरूच्या मेंदूतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर हुंगल्यानंतर किंवा चोळल्यानंतर आलेल्या झटक्यांच्या केसेस मांडल्या आहेत. मुलाला ताप असतो, आपण छातीला कापूर चोळतो, झटका येतो, आणि सगळे म्हणतात तापाचा झटका आला. काय लावलं होतं हे कोणी विचारत नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

लहान मुलांनाच हे जास्त का बाधतं? वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त आणि पातळ असते, आणि असली द्रव्यं निकामी करणारं यकृताचं काम अजून पुरतं सुरू झालेलं नसतं. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल नेलं, म्हणजे पुदिन्याच्या तेलातला तो थंडावा, तर श्वास क्षणभर अडकू शकतो. पुरचुंडी बाळाच्या हाताला लागेल, तोंडात जाईल अशी बांधू नका. खरं तर बांधूच नका. माझ्या आईने माझ्या मुलाला बांधली होती, आणि ती सोडायला मला तीन दिवस लागले. आईला ‘नको’ म्हणणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. मी तिला एवढंच म्हटलं, ‘आई, ओवा राहू दे, कापूर तेवढा काढू.’ मग दोन दिवसांनी ओवाही सुटला.

मग याचा काहीच उपयोग नाही का? आहे, थोडा. मेंथॉलने नाक मोकळं होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात, हवा तेवढीच जाते. पण वाटण्यालाही किंमत असते. 2010 साली अमेरिकेत दोन ते अकरा वर्षांच्या 138 मुलांवर एक अभ्यास झाला. कापूर-मेंथॉल-निलगिरीचा बाम लावलेल्या मुलांची रात्र बरी गेली, असं पालकांनी सांगितलं. त्याच मुलांना आग, चुरचुर जास्त झाली, हेही त्यात आहे. आणि सर्दी जायची तेव्हाच जाते. दोन वर्षांखालच्या मुलाला असले बाम लावायचेच नाहीत, डबीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. तान्ह्या बाळाचं नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, ते पुरे.

मोठ्या मुलाला, समजा पाच-सहा वर्षांच्या, झोपताना लव्हेंडरचा वास आवडतो, तर हरकत नाही. तीस मिलिलिटर खोबरेल तेलात तीन थेंब, त्याहून जास्त नाही, आणि आधी हातावर लावून एक दिवस बघायचं. डिफ्युझर लावायचा तर अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. घरात दम्याचं किंवा फिट येणारं मूल असेल तर नकोच. वाफाऱ्याबद्दल एकच वाक्य: उकळत्या पाण्याचं पातेलं आणि मूल एकाच चादरीखाली घेऊ नका, भाजलेली मुलं हॉस्पिटलात येतात ती अशीच.

मागच्या ताईंनी विचारलंय, तेल किंवा कापूर पोटात गेलाच तर काय करायचं? उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, तोंडात बोटं घालणं नाही. उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेलं तर दुसरं दुखणं मागे लागतं. दूधही पाजू नका, कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतो. बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका. आष्टी-कारंज्याहून सेवाग्रामला यायला दीड-दोन तास सहज जातात आणि झटका त्याआधीच येऊ शकतो, म्हणून आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. 108 ला फोन करा, बाटली किंवा कापराची पुडी सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर 1800 116 117 आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. वाटेत झटका आला तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. हो, हसू नका, अजून हुंगवतात.

आणि आज घरी गेल्यावर देवघरातली कापराची डबी वरच्या फळीवर ठेवा. आता पुढचा प्रश्न घेते.