मोडीतला बंब आणि घरातली शेवटची आंघोळ

मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात सकाळची शेवटची आंघोळ कोणाची असते?

उत्तर मला ठाऊक आहे. आधी ऑफिसला जाणारे, मग शाळेला जाणारे, मग सासूबाई-मामंजी. या सगळ्यांचे डबे, चहा, पूजेची तयारी उरकून आपण न्हाणीघरात शिरतो तेव्हा गीझरमधून येते ते कोमट पाणी. कधी कधी तेही नाही. “आता एवढ्यासाठी पुन्हा कुठे बटण दाबायचं!” असे म्हणून आपण दोन तांबे गार पाणी अंगावर घेतो आणि कुडकुडत बाहेर येतो. माझी तर पंधरा वर्षे अशीच गेली.

२०२१ च्या दिवाळीआधी आमच्या गीझरने मान टाकली. नवा घ्यायचा तर दिवाळीचा खर्च समोर उभा. त्याच आठवड्यात मी जुनी पितळी भांडी मोडीत घालायला भांड्यांच्या दुकानात गेले होते. तिथे मोडीच्या ढिगात, काळाठिक्कर पडलेला, एका पायाने लंगडा असा तांब्याचा बंब आडवा पडला होता. का कोण जाणे, माझे पाऊल तिथेच अडले. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, साडेसहा किलो भरला. माझी भांडी वळती करून वर थोडे पैसे घातले आणि बंब रिक्षात घालून घरी आणला.

“हे काय लोढणं घरात आणलंस?” असे हे म्हणाले. सासूबाई मात्र उठून जवळ आल्या, बंबावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, माझ्या लग्नातला असाच होता. नळाला गरम पाणी आलं नि आम्ही तो मोडीत घातला. तेव्हा काही वाटलं नाही हो!”

बंब चालतो कसा?

ज्यांच्या माहेरी-सासरी बंब नव्हता त्यांच्यासाठी सांगते. बंब म्हणजे तांब्याचे उभे पिंप आणि त्याच्या पोटातून तळापासून वरपर्यंत गेलेला नळा. नळ्याच्या बुडाशी लोखंडी जाळी असते. नळ्यात वरून कोळसे, ढलप्या, करवंट्या टाकायच्या. राख जाळीतून खाली पडते आणि धूर त्याच नळ्यातून वर जातो. नळ्याच्या भोवती चहूकडून पाणी. म्हणजे विस्तव पाण्याच्या मधोमध बसलेला! चुलीवरच्या पातेल्याची निम्मी धग आजूबाजूलाच जाते, तशी इथे फारशी वाया जात नाही.

आमच्या बंबात २० लिटर पाणी मावते. हिवाळ्यातले २० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला विजेचे सुमारे दीड युनिट लागले असते. त्या २० लिटर कढत पाण्यात ४० लिटर गार पाणी विसणले की ६० लिटर पाणी आंघोळीजोगे होते. तीन-चार माणसांच्या आंघोळी आरामात होतात. सरपणाचा हिशेब कागदावर पाव किलोच्या जरा वर येतो, पण थोडी धग वाया जातेच. म्हणून दोन-तीन पट धरावे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

जुना बंब घेताना बाहेरच्या चकाकीला भुलू नका. काळा पडलेला बंब चिंच-मिठाने तासाभरात लख्ख होतो. पोचेही ठोकून निघतात. दुखणे असते ते आत.

पहिली परीक्षा नळ्याची. अंधाऱ्या खोलीत बंब ठेवून नळ्यात बॅटरी पेटवून सोडा आणि पाणी ओतायच्या तोंडातून आत डोकावा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक आहे. दुसरी परीक्षा सांध्यांची. बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कुठे ओला झाला आहे ते पाहा आणि बंबावर त्या जागी खडूने खूण करा. तिसरी परीक्षा तोटीची. गळणाऱ्या तोटीला घाबरू नका, बहुतेक वेळा आतली चकतीच झिजलेली असते. मात्र जुन्या बंबाच्या तोटीला किंवा झाकणाला पांढरट दोरीसारखे काही गुंडाळलेले दिसले तर ते नखाने कुरतडू नका. पूर्वी तिथे ॲसबेस्टॉसची दोरी वापरत आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. कोरडे असताना न खरवडता कारागिराला आधीच सांगा.

पोटात क्षारांचा थर असेल, तर गरम पाण्यात लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून रात्रभर भरून ठेवा. थर सुटून येतो. मग दोन-तीनदा खळखळून धुवा.

माझी पहिली चूक

आमच्या बंबाच्या नळ्याला बुडाजवळ एक भोक निघाले. दिवाळी दोन दिवसांवर. जवळच्याच एका दुरुस्तीच्या दुकानात नेला तर त्याने दहा मिनिटांत डाख लावून दिला. “ताई, आता दहा वर्षं बघायला नको!” मी खूश.

पहिल्या आंघोळीच्या पहाटे बंब अंगणात पेटवला. सासूबाईंनी मुलींना उटणे लावले, घंगाळात पाणी विसणले, सगळे कसे जुन्या दिवाळीसारखे झाले. शेवटी ह्यांनी तोटी सोडली आणि उरलेसुरले सगळे पाणी बादलीत काढून घेतले. विस्तव तसाच धगधगत होता. पाच मिनिटांनी मी माझ्यासाठी बंब भरायला गेले. तांब्याभर पाणी ओतले मात्र, चर्र आवाज होऊन नळ्यातून वाफ आणि राख उसळली. पाणी सरळ विस्तवात! लावलेला डाख वितळून गेला होता. माझी आंघोळ त्या दिवशीही गारच झाली, हे सांगायला नकोच.

चूक कोणाची? थोडी दुकानदाराची, बरीचशी आमची. कथील-शिशाचा साधा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. नळ्याच्या मागे पाणी असेपर्यंत तांबे त्या पाण्याहून फारसे जास्त तापत नाही आणि पाणी १०० अंशांवर उकळते. म्हणून डाख टिकतो. पाणी संपले, की तेच तांबे बघता बघता तापते आणि डाख मेणासारखा ओघळतो. म्हणून बाहेरच्या अंगाला साधा डाख चालेल, पण विस्तवाकडच्या अंगाला पितळी डाखच हवा. तो वितळायला ८०० अंशांच्या पुढे जावे लागते.

तसा डाख लावणारा माणूस गावात मिळेना. शेवटी माझ्या भावाने बंब पुण्याला कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने जुना डाख खरवडून काढला, भोकावर तांब्याचे ठिगळ पितळी डाखाने बसवले, लंगडा पाय सरळ केला, जाळी नवी टाकली. पैसे दुकानदाराच्या चौपट झाले. पण भावाजवळ निरोप मात्र लाख मोलाचा दिला: “बाईंना सांगा, आधी पाणी, मग विस्तव. आणि विस्तव असेपर्यंत पाणी.”

आणखी एक. डाखात शिसे असू शकते. म्हणून बंबातले पाणी आंघोळीलाच वापरावे, पिण्याला किंवा स्वयंपाकाला कधीही घेऊ नये.

आणि दुसरी, जी अंगाशी आली असती

आता लिहिते आहे ते मैत्रिणींनो, नीट वाचा. खरे तर याच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला, आठवतो ना? अंगणात पाणीच पाणी. बंब पेटवायचा कुठे? मी तो न्हाणीघरात नेला. कोळसे छान फुललेले, धूर जवळजवळ नाहीच. गारठा आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. थोरली मुलगी आंघोळीला गेली. “आई, आत काय मस्त ऊब आहे गं!” म्हणाली.

मी पोळ्या लाटत होते. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तांब्याचा आवाज येत नाहीये.” मी म्हटले, बसली असेल ऊब घेत. पण त्या ऐकेनात. गुडघे धरत उठल्या आणि त्यांनी दार ढकलले. कडी लावलेली नव्हती, हे आमचे नशीब. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, हाकेला ओ नाही. दोघींनी मिळून तिला ओढत ओसरीवर उघड्या हवेत आणले. थोड्या वेळाने तिला उलटी झाली आणि ती रडू लागली. ते रडणे ऐकून मला जो धीर आला तो काय सांगू!

इस्पितळात तिला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, “कोळशाचा वायू. आणखी थोडा उशीर झाला असता तर...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, अशी आपली समजूत असते. ती साफ चुकीची. लालबुंद फुललेल्या कोळशातूनही तो निघतच असतो. आपल्या रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होते, गरगरते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. माणसाला वाटते, उबेने सुस्ती आली!

ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे, त्यांनीही हे स्वतःला लागू करून घ्यावे. तो बंद बाथरूममध्ये असेल तर तिथेही हेच घडू शकते. तो बाहेर बसवून घ्या, नळाने नुसते पाणी आत येऊ द्या. आंघोळ करताना कोणाला असा त्रास झाला तर आधी त्या माणसाला उघड्या हवेत आणा, मग विस्तव किंवा गॅस बंद करा आणि बरे वाटले तरी डॉक्टरांकडे न्या. “पित्त झालं असेल” म्हणून लिंबूसरबत देत बसू नका.

आता आमची पद्धत

पुढच्याच आठवड्यात ह्यांनी परसात चार खांब रोवून वर पत्रा टाकला, बाजू सगळ्या मोकळ्या. बंब बारा महिने तिथेच असतो. पाणी बादलीने आत जाते. बादली मोठी माणसेच उचलतात. विस्तव असताना मुलांना त्या बाजूला जायची परवानगी नाही.

नियम मी पत्र्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवले आहेत, तेच इथे देते:

- आधी बंब भरायचा, मगच पेटवायचा.
- एक बादली काढली की लगेच एक बादली भरायची. शेवटची आंघोळ झाली तरी विस्तव विझेपर्यंत बंब भरलेला हवा.
- झाकण सैलच ठेवायचे. वाफेची वाट कधी बुजवायची नाही.
- सुक्या करवंट्या, ढलप्या, कोळसे चालतील. प्लायवूड, रंगवलेले लाकूड, प्लॅस्टिक अजिबात नाही. रॉकेल ओतून पेटवायचे नाही.
- धातूच्या बंबात विजेचा रॉड सोडायचा नाही. शॉक बसतो.
- पाऊस असो, थंडी असो, बंब घरात आणायचा नाही. त्या दिवशी गार पाण्याने आंघोळ.

पाचव्या-सहाव्या दिवशी राख काढते, दिवाळीला चिंचेने घासते. तांबटाचा डाख आजवर हललेला नाही.

आणि शेवटच्या आंघोळीचे काय? त्या इस्पितळातल्या रात्री सासूबाई माझ्याजवळ बसून होत्या. सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, “मीही तीस वर्षं सगळ्यांच्या मागूनच न्हायले. बंब असूनसुद्धा. पाणी तापवणाऱ्या बाईला गरम पाणी मिळू नये, हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही.”

तेव्हापासून आमच्या घरात पहिली बादली सासूबाईंची आणि दुसरी माझी. मग बाकीचे. बंब भरायचे काम जो शेवटी न्हातो त्याचे. सुरुवातीला जरा कुरकुर झाली, आता अंगवळणी पडले आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे बंब असो की गीझर, दोन गोष्टी आजच करा. न्हाणीघराची खिडकी उघडते ना, ते पाहा. आणि उद्या सकाळी दुसरी बादली तुमची, असे घरात सांगून टाका!