खिडकी कोणत्या हाताची?

‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांना २७ एप्रिल २०१७ रोजी हिरवा झेंडा दाखविण्यात आला, तेव्हा सिमला-दिल्ली मार्गाच्या जोडीला नांदेड-हैदराबाद हाही मार्ग होता. १९५६ पर्यंत मराठवाड्याचा राज्यकारभार ज्या हैदराबादहून चाले आणि १९५८ साली स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत येथील विद्यार्थी पदवीसाठी ज्या उस्मानियाकडे पाहत, ते शहर त्यामुळे तासाभरावर आले. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांपुरती २,५०० रुपयांची भाडेमर्यादा असल्याने शिक्षक-कारकुनांच्या घरांतूनही विमानाचा विचार होऊ लागला. भाड्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या भाड्यात काय पाहावयास मिळते, याची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

वस्तुतः ही चौकशी तिकीट काढतानाच करावयास हवी. आसन निवडण्यासाठी आता बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि पैसे मोजून पंखच पाहत बसणारे प्रवासी थोडे नाहीत. २०१७ साली या मार्गावर आलेल्या एटीआर विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो. त्याच्या मागच्या रांगेत बसले तर पंखाची वा इंजिनाची आड न येता सरळ खालची जमीन दिसते. शिवाय हे विमान जेटपेक्षा कमी उंचीवरून जाते. पुढे नांदेडला येऊ लागलेल्या एम्ब्रेअर जेटचा पंख खिडक्यांच्या खाली आहे. त्यात मधल्या रांगा टाळाव्यात आणि शक्यतो पुढे बसावे, कारण इंजिनामागील उष्ण हवेने मागचे दृश्य थरथरते.

बाजूचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. हैदराबाद नांदेडच्या आग्नेयेला, बरेचसे दक्षिणेकडे आहे. म्हणजे जाताना पूर्व डाव्या हाताला आणि पश्चिम उजव्या हाताला येते. सकाळच्या विमानात डावीकडे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते, तर उजवीकडच्याला सूर्य पाठीशी ठेवून काळ्या जमिनीचे, कापसाचे आणि उसाचे रंग स्पष्ट दिसतात. पण उजवी बाजू घ्यावयाची ती केवळ उन्हासाठी नव्हे, मांजरेसाठी.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी लातूर जिल्ह्यातून आणि बीदरच्या बाजूने पूर्वेकडे जाते. मग तेलंगणात एकदम उत्तरेकडे वळून कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. शाळेच्या नकाशावर हे वळण बोटभर रेषेचे असते. विमानातून ते प्रत्यक्ष दिसते. देगलूरच्या परिसरात नदी विमानाच्या जवळजवळ खालूनच जाते, पुढे १९३१ साली पूर्ण झालेला निजामसागर येतो आणि त्यापलीकडे, उजव्या हातालाच, सिंगूरचा जलाशय. हैदराबादची तहान भागविण्यासाठी ज्या पाण्याचा उपयोग झाला ते हे पाणी, लातूरच्याच नदीचे. त्याच नदीवरील धनेगावचे धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर. त्या दुष्काळात खालच्या सिंगूरचीही तीच गत झाली होती, हेही सांगितले पाहिजे. वरचा तुटला की खालचाही तुटतो. खिडकीतून पाहणाऱ्याला मध्ये राज्याची सीमा कोठे आली हे कळतही नाही. उसाचे हिरवे तुकडे कोठे दाटतात आणि कोरडवाहू रान कोठे सुरू होते, हे मात्र स्वच्छ कळते. पाणीवाटपाविषयी सभांतून बोलणाऱ्यांनी एकदा तरी या बाजूला बसावे.

लातूरच्या स्वतःच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. तेथील प्रवाशाला आपली नदी आकाशातून पाहण्यासाठी आधी नांदेड गाठावे लागते. एवढे करून विमानात बसल्यावर अनेकजण झडप ओढून भ्रमणध्वनीत डोके घालतात, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळच्या परतीच्या विमानात मांजरा डाव्या हाताला येते, आणि मावळतीचा सूर्यही तिकडेच असतो. रंग मग दिसत नाहीत. पण उन्हाच्या समोर पाणी तेवढे चकाकते: धरण, बंधारा, नदीतला डोह, एखाद्याच्या रानातले शेततळेसुद्धा. मे महिन्यात अशी किती ठिकाणे चकाकतात, ते बोटांवर मोजता येते.