थंड मुलखांतील कढीलिंब

आपल्या परसांतील कढीलिंबास कोणी जपत नाहीं. मोरीच्या पाण्यावर वाढून तो शेजाऱ्यांसही पुरतो. परंतु आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या लेकी-सुना थंड देशांत राहतात. तेथें हेंच झाड कुंडींत लावून दिवाणखान्यांत जगवावें लागतें.

लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या कन्येनें असें एक रोप तिकडेच विकत घेतलें. पहिल्याच डिसेंबरांत त्याचीं पानें गळालीं. तिनें दूरध्वनीवर विचारलें, “बाबा, आतां काय करूं?” पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाजवळ उत्तर नेहमीं तयार असतें. मीं म्हटलें, “रोज पाणी घाल, थोडें खत दे.” महिन्याभरांत रोप मेलें. उपटून पाहिलें तों मुळें काळीं पडून कुजलेलीं! तें झाड आधीं मेलें नव्हतें, निजलें होतें. माझ्या उपदेशानें मेलें.

कढीलिंब हा लिंबू-संत्र्यांच्या कुळांतील, उष्ण प्रदेशांतला वृक्ष. दंव गोठविणारी थंडी त्यास सोसत नाहीं. पेशींभोंवतीं बर्फ झालें म्हणजे तें पेशींतील पाणी ओढून घेतें, आवरणें फाटतात आणि पानें काळीं पडतात. घरांत आणल्यानें हें संकट टळतें. पण उजेडही कमी होतो. डिसेंबरांत लंडनचा दिवस जेमतेम ८ तासांचा. अशा वेळीं झाड वाढ थांबवितें आणि पानें टाकतें. पानें नाहींत, म्हणजे पाण्याचा खर्च नाहीं. मग घातलेलें पाणी मातींत सांचून तेथील हवा घालवितें, आणि हवेवांचून मुळें कुजतात.

म्हणून रात्रीचें उष्णमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास येतांच कुंडी आंत घ्यावी; त्यापूर्वीं पानांच्या मागील बाजूस कीड तर नाहीं ना, हें पाहावें. तिला दक्षिणेकडील खिडकी द्यावी, कारण तेथें हिंवाळ्यांतील सूर्य त्याच बाजूस असतो. खोली तापविणाऱ्या यंत्रापासून मात्र ती दूर असावी. कोरड्या हवेंत लाल कोळी लागतो. कुंडीच्या बुडाशीं भोंक हवें. बोट दोन पेरें मातींत खुपसावें, कोरडें लागलें तरच पाणी घालावें. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊं नये. झाड उघडें पडलें तर फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. आंत हिरवें दिसलें तर जीव आहे असें समजावें. दंवाचें भय सरल्यावर आठ-दहा दिवस सावलींत ठेवून मगच उन्हांत न्यावें. तेव्हां शेंडे खुडले कीं फांद्या फुटतात.

येथून रोप सामानांत घालून नेण्याचा मोह टाळावा. कढीलिंबावर राहणारी सिट्रस सिला नांवाची बारीक कीड संत्र्यांच्या बागा उजाड करणारा रोग पसरविते. म्हणून अमेरिकेसारखे देश या रोपांवर निर्बंध घालतात.

कन्येच्या दुसऱ्या रोपानें तीन हिंवाळे काढले आहेत. गेल्या फेब्रुवारींत तेंही उघडें पडलें होतें. या खेपेस तिनें मला विचारलें नाहीं. साल खरवडून पाहिली, आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून दिला. एप्रिलांत कोवळी पालवी आली. कांहीं न करणें हीही एक काळजीच आहे, हें या मास्तरास कुंडींतल्या झाडानें उशिरां शिकविलें.