हात स्थिर, तरच बी.पी. खरे

मागच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात आले. सोबत मुलाने घेऊन दिलेले बी.पी.चे डिजिटल यंत्र आणि आकड्यांची वही. लग्नासाठी अकोल्याहून अमरावतीला येताना त्यांनी धावत्या मोटारीतच पट्टा दंडाला बांधला होता. आकडा आला १८६/१०८. गुरुजी घाबरले आणि त्या रात्रीपासून एका गोळीऐवजी दोन गोळ्या घेऊ लागले. चौथ्या दिवशी पहाटे खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडले नाहीत. मी तपासले तेव्हा उभ्याने वरचा दाब अवघा ९६ भरला.

‘‘डॉक्टरसाहेब, मशीन कायले लबाड बोलन?’’ त्यांनी विचारले. वाचकहो, यंत्र लबाड नसते. पण त्याची फसगत होऊ शकते. ती कशी, हे समजून घेऊ.

कानाला नळी लावून दंडातील आवाज ऐकण्याची आम्हा डॉक्टरांची पद्धत कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये सांगितली. घरगुती यंत्र सहसा आवाज ऐकत नाही, ते धक्के मोजते. पट्टा फुगला की दंडातील धमनी दाबली जाते. हवा हळूहळू सुटू लागली की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला धमनी पट्ट्याला आतून धक्का देते आणि पट्ट्यातील हवा किंचित थरथरते. ही थरथर फ्रान्सच्या मारे या शास्त्रज्ञांनी १८७६ मध्येच टिपली होती. पट्ट्यातील दाब शंभरात असतो, तेव्हा हा धक्का जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. तेवढाच नेमका वेचून काढायचा, हे यंत्राचे काम.

आपल्या आयाबहिणी सुपात ज्वारी पाखडतात, तसेच यंत्र करते. पट्ट्याचा संथपणे उतरणारा दाब ते आधी बाजूला काढते. मग इंजिनाची बारीक, जलद थरथर कोंड्यासारखी उडवून लावते. विसाव्याच्या वेळी नाडी सहसा मिनिटाला ६० ते १०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण एक-दीड वेळा पडते. त्या चालीचे धक्के तेवढे यंत्र ठेवून घेते. अडचण येते ती इथेच. रस्त्यातला खड्डा, मूठ वळणे, हात हलवणे यांचे धक्केही जवळपास त्याच चालीचे असतात. ज्वारीएवढाच खडा सुपातून कसा उडणार?

उरलेल्या धक्क्यांची उंची यंत्र ओळीने मांडते. शाळेच्या प्रार्थनेला मुले अशी उभी करा, की दोन्ही टोकांना बुटकी आणि मधे सर्वांत उंच. त्यांच्या डोक्यांवरून दोरी धरली तर घुमटासारखा आकार दिसेल. धक्क्यांचाही असाच घुमट होतो. त्याचा कळस ज्या दाबावर येतो, तो धमनीतला सरासरी दाब. वरचा व खालचा आकडा यंत्र या घुमटावरून आपल्या ठरावीक हिशेबाने काढते. एखादा खोटा धक्का उंच पोरासारखा भलत्याच जागी घुसला, की कळस सरकतो आणि आकडा चुकतो, कधी जास्त, तर कधी कमी. चांगले यंत्र शेजारच्या धक्क्यांशी ताडून असा आगंतुक वगळते. जमले नाही तर चूक झाल्याची खूण दाखवते. ज्यांच्या नाडीची चालच अनियमित असते, त्यांचा घुमट मुळातच ओबडधोबड होतो. अशांनी तीन वेळा मोजावे आणि डॉक्टरांकडून ताडून घ्यावे.

हा प्रश्न केवळ बी.पी.च्या यंत्राचा नाही. मनगटावर तीन ठिकाणी दाब टिपून नाडीचा आलेख काढणाऱ्या ‘नाडी तरंगिणी’ या उपकरणावर आपल्याकडच्याच, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आणि मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी काम केले; २००७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अशा उपकरणालाही हात हलला की खरी नाडी निवडणे अवघड जाते.

गुरुजींसमोरच मी यंत्र माझ्या दंडाला बांधले. शांत बसलो, तर १२४/७८. मग मूठ उघडझाप करत राहिलो, तर आकड्याऐवजी चुकीची खूण. गुरुजी हसले.

घरी मोजताना एवढे पाळा. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू, खर्रा नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय न दुमडता पाच मिनिटे गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, मापाचा असावा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. बोलू नका, फोन घेऊ नका. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडा व बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांना भेटा. धावत्या गाडीत मोजूच नका.

शांत बसूनही पुन्हापुन्हा १८०/१२० च्या वर आकडा येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

गुरुजी आता पुन्हा एकाच गोळीवर आहेत आणि अंधारी येत नाही. एका आकड्यावरून गोळी वाढवू नये, तशी बंदही करू नये.