कडी आणि कुलूप

“फॉरमॅट मारावी लागेल ताई, दुसरा इलाज नाही.” कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे ऐकलं की आपण बायका मुकाट्याने मान डोलावतो. मैत्रिणींनो, इतक्या लवकर डोलावू नका. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं.

आमच्या बचत गटातल्या बदलापूरच्या एका ताईंचंच पाहा. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं आणि लग्नाचा अल्बम भिजला. यजमानांनी एकेक फोटो वाळवून, स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवला. पुढे यजमान गेले, कॉम्प्युटरही बंद पडला. मुलीने उल्हासनगरच्या बाजारातून केबल आणून जुनी हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर दिसला, पण उघडेना. ‘परवानगी नाही’ एवढंच उत्तर! ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

अंबरनाथला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या ओळखीच्या मुलाने आम्हाला समजावलं, “काकू, हे कुलूप नाही, नुसती कडी आहे.” विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ती आतून एक क्रमांक देते. नव्या लॅपटॉपवर तेच नाव घातलं तरी क्रमांक निराळा, म्हणून फोल्डर आपल्याला परका समजतो.

उपाय सोपा आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जायचं. तिथे ‘ओनर’समोर ‘चेंज’ दाबून आपल्या खात्याचं नाव द्यायचं. त्याखालच्या चौकटीत टिक केली की आतल्या फोल्डरची मालकीही आपल्याकडे येते. तरीही उघडलं नाही, तर तिथेच स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्यायचा. ताईंचे फोटो असेच उघडले. उघडल्याबरोबर त्यांची दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली, कारण जुन्या डिस्कचा काय भरवसा? डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र घरी प्रयोग नकोत. ती बंद करून जाणकाराकडे न्यावी.

आणि हो, जुनी मराठी फाइल उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर तेही कुलूप नव्हे. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली होती, तो टाकला की मजकूर वाचता येतो.

खरं कुलूप वेगळं असतं. एक्सपीच्या काळात फाइलचं नाव हिरव्या अक्षरांत दिसलं, की ती एन्क्रिप्ट केलेली असायची. तिची किल्ली जुन्या खात्यातच असते. मालकी बदलून ती उघडत नाही आणि जुनी विंडोज पुसली तर किल्लीही जाते. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये तर बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड घरात एकालाच ठाऊक असतो!

लॉकरची किल्ली कुठे आहे, हे आपण विचारतो ना? मग हेही विचारा. आजच संध्याकाळी, चहा घेताना. ते ४८ अंक वहीत उतरवून घ्या आणि वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. संसाराचा हिशेब, मुलांचं बालपण, गटाची कागदपत्रं आता याच डबीत असतात. तिची एक किल्ली आपल्याकडेही हवी.